झाडू शिक्षा म्हणून देऊ नकोस

मंगळवार पेठ,
कोल्हापूर

चि. मनू,

तुझं पत्र पोचलं. तिसरीचा वर्ग मिळाला, फार बरं झालं. या वयाची पोरं बाईंचं ऐकतात कमी आणि बाईंना बघतात जास्त. मुलांना चांगलं वळण आणि पर्यावरणाची गोडी लावायला प्रभातफेरी काढू की घोषवाक्यांची स्पर्धा घेऊ, असं तू विचारलंस. दोन्ही घे. पण घोषणा देऊन घसा बसलेलं पोरगं परतताना गोळीचा कागद रस्त्यावरच टाकतं, हे तुला लवकरच दिसेल. वळण लागतं ते रोजच्या कामानं.

म्हणून पहिली गोष्ट सांगते. गृहपाठ केला नाही, दंगा केला, म्हणून कुणाला वर्ग झाडायला लावू नकोस. त्यातून मूल एवढंच शिकतं की झाडू धरणं कमीपणाचं. मग जन्मभर कचरा टाकणारं ते आणि उचलणारं दुसरंच कुणीतरी. शाहू महाराजांनी 1917 साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं; 1919 साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी मुलं एका शाळेत बसवायचा हुकूम काढला. त्यांच्या गावात कचऱ्याची बादली ठरावीक पोरांच्याच हातात दिसता कामा नये. हजेरीपटाप्रमाणे पाळी लाव. मुलींनी झाडायचं आणि मुलग्यांनी बाक उचलायचे, ही वाटणीही नको. पहिली पाळी तुझी घे.

'परिसर अभ्यास' पुस्तकातून शिकवशीलच, पण पोषण आहाराच्या वेळी तो डोळ्यांसमोर असतो. ताटात हवी तेवढीच खिचडी घ्यायची. उरलंच तर खताच्या खड्ड्यात टाकायचं. हात धुतल्याचं पाणी बादलीत धरून झाडांना घालायचं. प्रत्येक झाड दोघांच्या नावावर दे, म्हणजे एक गैरहजर असला तरी झाड उपाशी राहणार नाही. बक्षिसाची चटक मात्र लावू नकोस. चांदणी मिळाली नाही की कागद उचलणंही थांबतं. त्यापेक्षा 'तू नळ बंद केलास, मी बघितलं' एवढंच म्हण.

पावसाळा सरला की हेडमास्तरांची आणि पालकांची परवानगी काढून मुलांना पंचगंगा घाटावर ने. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी घेऊन प्रयाग चिखलीहून ही नदी येते, शहरातला जयंती नाला तिला मिळतो, आणि पुढं नरसोबावाडीला ती कृष्णेत जाते. हा नकाशा मुलांनाच काढायला लाव. आपल्या गल्लीतला कागद गटारातून कुठवर जातो, ते बोटानं दाखवू दे. खाली शिरोळ तालुक्यातही आपल्याएवढी पोरं राहतात, हे त्यांना आपसूक कळेल.

एक जपून. 2019 आणि 2021 चा महापूर अनेकांच्या घरात शिरला होता. तो प्लास्टिकमुळं आला, असं ठोकून देऊ नकोस. पाऊसच प्रचंड होता. गटार तुंबलं की साध्या सरीनंही गल्लीत पाणी साचतं, एवढं मात्र सांग. खोटं सांगून लावलेली चांगली सवय खोटं उघडं पडलं की सुटते.

घरच्या माणसांना टोकायला पोरांना पाठवू नकोस. 'आई, तू प्लास्टिकची पिशवी का घेतलीस?' असं चारचौघांत विचारलं तर आईच दुखावते. उलट घरी करण्याजोगं काम दे. होळीत लाकूडफाटा जाळण्याऐवजी स्मशानभूमीला शेणी दान करणारी माणसं आपल्या गावात आहेत. गणपती आणि निर्माल्य नदीत न सोडता विसर्जनासाठी ठेवलेल्या काहिलीत देणारीही आहेत. त्यांच्या गोष्टी सांग. पोरं घरी जाऊन आपणहून विषय काढतील, आणि आजी-आजोबाही ऐकतील.

महिन्याभरात फळ शोधू नकोस. कधी तू रजेवर असशील, त्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर पटांगण कसं होतं, ते दुसऱ्या दिवशी शिपाईमामांना विचार. तुझ्या शिकवण्याची परीक्षा तीच. निकाल काहीही लागो, मला कळव.

तुझी,
मावशी