आजोबांचा धंदा नातवाच्या हाती : शेगावच्या कचोरीवरून घ्यावयाचा धडा

शेतीच्या जोडीने चालणारे छोटे धंदे, मग तो तेलाचा घाणा असो, डाळ भरडण्याची चक्की असो, खव्याची भट्टी असो की फरसाणाचे दुकान असो, बहुधा घरातील एका वडीलधाऱ्या माणसाने उभे केलेले असतात. त्या माणसाच्या हयातीत धंद्याची काळजी कोणास वाटत नाही. त्याच्या मागे मात्र दुकान तेच, भांडी तीच, गिऱ्हाईकही तेच असूनही माल पूर्वीसारखा उतरत नाही, अशी तक्रार पुष्कळ ठिकाणी ऐकू येते. दोष नातवाच्या आळसाचा असतोच असे नाही. आजोबांजवळ जे होते ते त्यांच्या हातात व जिभेवर होते. कागदावर काहीच नव्हते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या प्रश्नाकडे घरगुती बाब म्हणून दुर्लक्ष करू नये. गावातील मूग, हरभरा, करडई, दूध यांना गावातच मोल मिळवून देणारी ही साधने आहेत.

या दृष्टीने बुलढाणा जिल्ह्यातील शेगावच्या कचोरीचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. शेगाव हे श्री गजानन महाराजांच्या समाधीमुळे प्रसिद्ध असलेले क्षेत्र मुंबई-हावडा लोहमार्गावर, भुसावळ व अकोला यांच्या दरम्यान वसलेले आहे. देशाच्या फाळणीच्या सुमारास पंजाबातून आलेले तीरथराम करमचंद शर्मा यांनी १९५० च्या आसपास येथील रेल्वे स्थानकावर कचोरीची विक्री सुरू केली. मूळ गाव सुटलेले आणि प्रदेश नवा, अशा स्थितीत सुरू झालेला हा धंदा संस्थापकाच्या पश्चातही त्यांच्या कुटुंबाच्या पुढील पिढ्यांनी चालू ठेवला. आज ‘शेगाव कचोरी’ ही पाटी महाराष्ट्रातील अनेक शहरांत दिसते. त्यातील सर्वच दुकाने त्या कुटुंबाची आहेत असे मात्र नव्हे. नाव इतके रूढ झाले आहे की ते आता एका पदार्थाचेच नाव बनले आहे.

ही कचोरी टिकली कशी, याचा विचार केला तर आजोबांच्या वारशातील खरा भाग कोणता हे कळते. गाडी स्थानकावर थोडाच वेळ थांबते. तेवढ्यात खिडकीतून देता येईल, हातात धरून खाता येईल, ज्याचा रस गळणार नाही व ज्यास ताटवाटी लागणार नाही असाच पदार्थ तेथे खपतो. शिवाय तो गार झाला तरी चांगला लागला पाहिजे व प्रवाशाने घरी नेला तरी वाटेत विटता कामा नये. मुगाच्या डाळीचे कोरडे, मसालेदार सारण या सर्व कसोट्यांस उतरते. बटाट्याच्या ओल्या सारणात पाण्याचा अंश फार असल्याने ते उन्हाळ्याच्या दिवसांत लवकर आंबते; डाळीचे सारण नीट परतून त्यातील ओल काढली म्हणजे जंतूंना वाढीस लागणारे पाणीच उरत नाही. पारीच्या पिठात योग्य मोहन घालून मंद आचेवर सावकाश तळल्यास आवरण खुसखुशीत राहते. घाईने, कडक तापलेल्या तेलात तळल्यास वरून रंग येतो, पण आत कच्चेपणा व ओल राहते. चवीचा भाग आहेच, परंतु पदार्थ, जागा व गिऱ्हाईक यांचा मेळ बसला होता, हे त्याहून महत्त्वाचे. ज्या नातवाला केवळ चव ठाऊक आहे आणि हा मेळ ठाऊक नाही, तो दुकान दुसरीकडे हलवितो किंवा सारण बदलतो आणि मग गिऱ्हाईक का तुटले याचे कोडे त्यास उलगडत नाही.

आजोबा हयात असतानाच त्यांची पद्धत मोजून घेणे हे पहिले काम. ‘किती मीठ घालता?’ असे विचारले तर ‘अंदाजाने’ हेच उत्तर मिळते, आणि ते खोटे नसते. म्हणून त्यांना विचारू नये; त्यांच्या भांड्याला विचारावे. सकाळी काम सुरू होण्यापूर्वी मिठाचा, तिखटाचा, धन्याचा व तेलाचा डबा वजन करून ठेवावा. त्यांना नेहमीप्रमाणे हाताने घेऊ द्यावे. काम संपल्यावर प्रत्येक डबा पुन्हा वजन करावा. जेवढे वजन घटले तेवढे त्यांचे माप. असे चार-पाच दिवस करून सरासरी काढावी. थंडीत व पावसाळ्यात एकेकदा पुन्हा मोजावे, कारण अनुभवी हात हवेप्रमाणे पाण्याचे व मोहनाचे प्रमाण आपोआप बदलतो आणि तो बदल त्याचा त्यालाही सांगता येत नाही. तेल तापले की नाही हे पाहण्यासाठी ते पिठाची गोळी टाकत असतील, तर ती किती वेळाने वर येते ते घड्याळ लावून टिपून ठेवावे.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवणे इष्ट आहे. पुष्कळ घरांत दुकानाची पाटी आजोबांच्या नावाची असते व मसाल्याचा हात आजीचा असतो. महिला कार्यकर्त्यांनी तिच्याकडे स्वतंत्रपणे चौकशी करावी.

मालाची पारखही अशीच उतरवून घ्यावी. आजोबा मूग दाताखाली फोडून पाहतात तेव्हा ते दाण्यातील ओल तपासीत असतात. बुलढाणा जिल्ह्यात खरिपाचा मूग साधारणपणे ६० ते ७० दिवसांत तयार होऊन ऑगस्टच्या अखेरीपासून बाजारात येतो. हेच दिवस पावसाचे असल्याने ओलसर, काळवंडलेला मूग विकावयास येण्याचा संभव मोठा असतो. असा मूग साठवल्यास त्यास बुरशी येते व भुंगेरा लागतो. उन्हात चांगला वाळवून, दाताखाली कट्कन फुटणारा मूगच घ्यावा व तो कोरड्या कोठीत ठेवावा. धंदा करणाऱ्याने शेजारच्या दहा शेतकऱ्यांकडून एकाच वाणाचा, वाळवलेला मूग खात्रीने घेण्याचे ठरविले तर दोघांचाही लाभ होतो. सामान्यतः १ क्विंटल मुगापासून ७० ते ७५ किलो डाळ उतरते. समजा, मूग ८० रुपये किलोने घेतला व ७२ किलो डाळ मिळाली, तर भरडाईचा खर्च धरण्यापूर्वीच डाळ सुमारे १११ रुपये किलो पडते. चुनीचे पैसे त्यातून वजा करावे. आजोबा हा हिशेब तोंडी करीत. नातवाने तो वहीत करावा, आणि स्वतःच्या मजुरीचा आकडाही त्यात मांडावा. घरच्या माणसाची मजुरी न धरल्यामुळे नफ्यात दिसणारे धंदे प्रत्यक्षात तोट्यात चालत असतात.

आजोबांचे सर्वच राखावे असे नाही. जुने तेल न टाकता त्यातच नवे तेल ओतीत राहणे हा पूर्वीच्या काटकसरीचा प्रकार आता सोडला पाहिजे. वारंवार तापविलेल्या तेलात अपायकारक घटक वाढतात. १ जुलै २०१८ पासून, ज्या तेलातील ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ नावाच्या घटकांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झाले आहे ते तेल तळणीस वापरण्यास नियमाने मनाई आहे. तेल काळे, दाट व फेसाळ झाले किंवा लवकर धूर सोडू लागले म्हणजे ते बदलण्याची वेळ उलटून गेली आहे असेच समजावे. छापील वर्तमानपत्रात गरम पदार्थ बांधून देण्याची सवयही सोडावी. शाईतील द्रव्ये तेलाबरोबर खाण्यात उतरतात. ‘आजोबांच्या वेळेपासून असेच आहे’ हे उत्तर अन्नाच्या बाबतीत पुरेसे नाही.

आता कागदपत्रांविषयी. आजोबांबरोबर दहा-पंधरा वर्षे दुकानात राबलेला नातू स्वतःस मालक समजतो, आणि येथेच घरे फुटतात. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे आजोबांनी मृत्युपत्र केले नसेल, तर त्यांची स्वकष्टार्जित मालमत्ता प्रथम त्यांची पत्नी, आई, मुलगे व मुली यांच्याकडे समान वाट्याने जाते. नातवाचे वडील हयात असतील तर नातवास त्यात स्वतंत्र वाटा नाही. मग त्याने कितीही कष्ट केलेले असोत. लग्न होऊन गेलेल्या आत्यांचा मात्र हिस्सा असतो. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेस निराळे नियम आहेत व २००५ च्या दुरुस्तीने तेथे मुलींनाही मुलांइतकाच हक्क मिळाला आहे. मुस्लिम, ख्रिश्चन आदी कुटुंबांना त्यांचे वेगळे कायदे लागू होतात. दुकान अमक्या नातवाने किंवा नातीने चालवावे अशी आजोबांची इच्छा असेल, तर त्यांनी ती दोन साक्षीदारांसमक्ष मृत्युपत्रात लिहून ठेवावी. नोंदणीची सक्ती नाही. तथापि नोंदणी केल्यास पुढील वाद कमी होतात. हा विषय वडीलधाऱ्यांपुढे काढणे पुष्कळांना अशुभ वाटते. कार्यकर्त्याने तो एका घरात न काढता गावच्या बैठकीत सर्वांसाठी काढावा, म्हणजे कोणाचा रोष येत नाही.

अन्नपदार्थाचा धंदा असल्यास आणखी एक मुदत सांभाळावी लागते. अन्नसुरक्षा नोंदणी किंवा परवाना आजोबांच्या नावावर असेल, तर त्यांच्या मृत्यूनंतर तो वारसाच्या लाभासाठी ९० दिवस किंवा अधिकारी मान्य करील तितका अधिक काळ चालू राहतो. या अवधीत मृत्यूचा दाखला व वारसाचे कागद जोडून तो स्वतःच्या नावे करून घेण्यासाठी अर्ज करावा. दिवस-कार्यात व दुःखात हे तीन महिने सहज निघून जातात. वीजजोडणी, जागेचे भाडेपत्र व बँकेतील खाते यांच्या नावांतील बदलही त्याच वेळी हाती घ्यावा. यंत्रसामग्री वाढवावयाची असल्यास, २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, असे कर्जाशी निगडित अनुदान ठेवण्यात आले होते; चालू वर्षी अर्ज घेतले जातात काय, याची चौकशी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात करावी. अशा कर्जासाठी बँक धंदा कोणाच्या नावावर आहे हेच प्रथम विचारते, म्हणून नावे बदलण्याचे काम आधी उरकून मगच अर्ज भरावयास घ्यावा.