एकदा जोडा, वर्षभर वापरा : विद्यार्थी यादी एक्सेलमध्ये आणण्याची कायमची सोय



जून उजाडला की शाळेत एकच गडबड. जनरल रजिस्टर, शिष्यवृत्ती, पाठ्यपुस्तकं, पोषण आहार, बोनाफाईड... प्रत्येक वेळी मागणी एकच, 'यादी द्या'. आपल्या बदलापुरात तर वर्षभर नवे प्रवेश होतात आणि दाखलेही जातात. कल्याण-डोंबिवलीकडून, मुंबईकडून कुटुंबं इथे राहायला येत असतात. त्यामुळे जूनची यादी ऑगस्टमध्ये जुनी झालेली असते. मग पुन्हा डाउनलोड, पुन्हा कॉपी-पेस्ट.

मुलांची मूळ माहिती असते डेटाबेसमध्ये. २०१५ पासून आपण ती 'सरल'वर भरतो आणि २०२२-२३ पासून यूडायस प्लसवरही विद्यार्थीनिहाय नोंद होते. या डेटाबेसला थेट जोडणी आपल्याला मिळत नाही, तिथून फक्त यादीची फाइल मिळते. ती फाइल एक्सेलमध्ये कशी आणायची, हे मात्र एकदाच ठरवून ठेवता येतं. एक्सेल २०१६ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत त्यासाठी 'पॉवर क्वेरी' आहे.

आधी धोका समजून घेऊ

सरलचा विद्यार्थी आयडी १९ अंकी असतो. एक्सेल मात्र संख्येचे पहिले १५ अंकच जपतं. सीएसव्ही फाइल डबल क्लिक करून उघडली की आयडीच्या जागी २.०१६२७ई+१८ असं काहीतरी दिसतं आणि शेवटचे चार अंक शून्य झालेले असतात. ती फाइल तशीच सेव्ह केली, तर ते अंक त्या फाइलमधून कायमचे गेले. ज्या मुलांचे आयडी फक्त शेवटच्या चार अंकांत वेगळे आहेत, ती सगळी एक्सेलला एकच मूल वाटतात. अशा यादीवर व्हीलुकअप लावला तर पहिल्या मुलाची जन्मतारीख सगळ्यांना चिकटते. हीच तारीख पुढे दाखल्यावर छापली जाते, आणि ती दुरुस्त करायला पालकांना किती खेटे घालावे लागतात ते सांगायला नको.

जोडणी अशी करा

१. एक कायमचा फोल्डर करा. डाउनलोड केलेली फाइल न उघडता तिथे ठेवा. नाव दरवेळी एकच, उदा. 'विद्यार्थी_यादी'.

२. कोऱ्या एक्सेल फाइलमध्ये 'डेटा' टॅबवर जाऊन 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' निवडा आणि ती फाइल दाखवा.

३. मराठी नावांऐवजी चित्रविचित्र अक्षरं दिसली तर घाबरू नका. 'फाइल ओरिजिन'मध्ये ६५००१ म्हणजे यूटीएफ-८ निवडा. मग 'ट्रान्सफॉर्म डेटा'वर क्लिक करा.

४. उजवीकडे पायऱ्यांची यादी दिसेल. त्यात एक्सेलने स्वतःहून टाकलेली 'चेंज्ड टाइप' ही पायरी काढून टाका. आता सगळे रकाने मजकूर म्हणूनच राहतील. आयडीचे १९ आणि आधारचे १२ अंक शाबूत.

५. जन्मतारखेच्या रकान्याला 'युझिंग लोकेल'मधून तारीख आणि इंग्लिश (इंडिया) द्या. नाहीतर ०५/०८ म्हणजे ५ ऑगस्ट की ८ मे, हे संगणक आपल्या मनाने ठरवतो.

६. नको असलेले रकाने काढा. पोषण आहाराच्या यादीत आधार नंबरचं काय काम? ग्रुपवर फिरणाऱ्या यादीत तो नसलेलाच बरा.

७. 'क्लोज अँड लोड' करा. झालं!

पुढच्या वेळी नवी फाइल त्याच नावाने जुन्या फाइलच्या जागी ठेवा आणि 'रिफ्रेश ऑल' दाबा. वरच्या सगळ्या पायऱ्या एक्सेल त्याच क्रमाने पुन्हा करतं. फोल्डरची जागा किंवा रकान्याचं नाव बदललं तर रिफ्रेश अडतो. ते चांगलंच आहे. चुकीची यादी गुपचूप तयार होण्यापेक्षा अडलेली बरी.

शाळेचं स्वतःचं सॉफ्टवेअर असेल आणि माहिती अ‍ॅक्सेस किंवा एसक्यूएल सर्व्हरमध्ये असेल, तर 'गेट डेटा'तल्या 'फ्रॉम डेटाबेस'ने थेट जोडता येतं. अशा वेळी फक्त वाचण्यापुरतं खातं मागून घ्या.

आपल्या नोंदी कुठे लिहायच्या?

आलेल्या यादीच्या शेजारच्या रकान्यात गणवेशाचं माप, बसचा थांबा असं काही हाताने लिहू नका. नवं मूल यादीत मध्येच आलं की ओळी सरकतात, पण आपण लिहिलेलं सरकेलच असं नाही. मग एकाचा गणवेश दुसऱ्याच्या नावावर! त्या नोंदी वेगळ्या तक्त्यात, आयडीसह ठेवा. तिथे आयडीचा रकाना आधी 'टेक्स्ट' करा आणि मगच टाइप करा. दोन्ही याद्या 'मर्ज क्वेरीज'ने आयडीवरून जोडा, नावावरून नको. एका वर्गात दोन साई पाटील असू शकतात.

पालकांसाठी

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर विद्यार्थी आयडीचे १९ अंक मोजून पाहा. शेवटी चार शून्यं दिसली तर नवीन शाळेत जाण्याआधीच कार्यालयात विचारा.

करून पाहा

पाच काल्पनिक मुलांची सीएसव्ही तयार करा. ती नोटपॅडमध्ये लिहा, एक्सेलमध्ये नको. सेव्ह करताना यूटीएफ-८ निवडा. वरील पद्धतीने जोडा. मग फाइलमध्ये सहावं मूल मध्येच घालून रिफ्रेश करा. पटसंख्या सहा आली, सगळे आयडी १९ अंकी राहिले आणि जन्मतारखा मूळ फाइलशी जुळल्या, तर तुमची जोडणी पक्की. मग खुशाल खरी यादी जोडा.