व्हॉल्व्ह ड्रॉइंगमध्ये आहे, यादीत नाही

सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाचं काम होतं. ड्रॉइंग आधीच्या कन्सल्टंटकडून आलेलं, उभारणीवर देखरेख आमची. पाइप जोडत आणले आणि फिटर हात बांधून बसले. सुपरवायझरचा फोन आला, ‘‘मॅडम, ड्रॉइंगात मोटरवाले व्हॉल्व्ह दिसतायत, मालात एकही नाही. परचेसवाले म्हणतात, यादीतच नव्हते.’’

परचेसचं खोटं नव्हतं. यादी थेट ड्रॉइंगमधून काढलेली होती. ड्रॉइंग ज्या सॉफ्टवेअरमध्ये काढलं होतं, त्या व्हिजिओत ती सोय आहे: प्रत्येक शेपच्या पोटात टॅग नंबर, साइझ, मटेरियल भरून ठेवायचं, रिपोर्ट चालवला की तक्ता तयार. माणसानं हातानं टाइप केलेल्या यादीकडे चारजण संशयानं बघतात. कॉम्प्युटरनं काढलेल्या यादीवर सही होऊन ती पुढे जाते.

फाइल उघडली तर वरवर काहीच खोट दिसेना. टोकाला टोक भिडलेले दोन त्रिकोण, साध्या व्हॉल्व्हवर चाकाची खूण, मोटरवाल्यावर चौकोनात ‘एम’. रेघांची जाडी एक, रंग एक. मग साधा व्हॉल्व्ह माऊसनं धरून जरा बाजूला सरकवला. पाइपची रेघ त्याच्यामागे वळत आली. मोटरवाला सरकवला, तर तो एकटाच निघून आला आणि रेघ जागची हलली नाही. त्याचा शेप डेटा पाहिला, तर रकानेच नव्हते.

काय घडलं असेल ते मग उघडच होतं. कंपनीच्या स्टेन्सिलमध्ये, म्हणजे तयार शेपच्या संग्रहात, हातानं फिरवायचा व्हॉल्व्ह तेवढा होता. कुणीतरी तोच कागदावर आणला, अनग्रुप केला, चाक पुसून चौकोन बसवला, सगळं निवडून पुन्हा ग्रुप केलं आणि त्याच्या कॉप्या हव्या तिथे डकवल्या. अनग्रुप करताना मास्टरशी, म्हणजे स्टेन्सिलमधल्या मूळ शेपशी असलेलं नातं तुटेल, असं व्हिजिओ बजावतं. पण कामाच्या घाईत अशा खिडक्या वाचतं कोण? माहितीचे रकाने त्रिकोणांत नसतात, ते ग्रुपवर बसलेले असतात. पाइप चिकटवण्याचे बिंदूही या व्हॉल्व्हमध्ये ग्रुपवरच होते. ग्रुप मोडला की दोन्ही जातात, आणि नंतर केलेला ग्रुप नवा, कोरा. जमीन जिथल्या तिथे, सातबाऱ्यावरचं नाव मात्र उडालेलं, अशी त्या व्हॉल्व्हची गत झाली होती.

तेव्हापासून दुसऱ्याचं ड्रॉइंग हातात आलं की मी आधी शेप सरकवून बघते, मग कंट्रोल-झेड. वाचण्याआधी, छापण्याआधी हे. नव्यानं रुजू होणाऱ्या मुलांनाही पहिलं हेच शिकवते, कारण डोळ्यांना यातलं काही कळत नाही.

ग्रुपच्या आतला एखादा भाग बदलायचा असेल तर ग्रुप मोडावाच लागतो, हा समज जाता जात नाही. व्हिजिओत एका क्लिकला ग्रुप निवडला जातो, थांबून पुन्हा क्लिक केलं की बहुतेक वेळा आतला भाग हाती येतो. लिबरऑफिस ड्रॉमध्ये एफ-३ दाबून ग्रुपच्या आत शिरता येतं, काम झालं की कंट्रोल-एफ-३ नं बाहेर. रंग, जाडी, आतलं अक्षर एवढ्यासाठी हे पुरे.

पण जो बदल दहा ठिकाणी लागणार आहे, तो कागदावरच्या शेपमध्ये करूच नये. मोटरवाला व्हॉल्व्ह हवा होता, तर स्टेन्सिलमधल्या व्हॉल्व्हची नक्कल करून तिला नवं नाव द्यायचं आणि चाकाच्या जागी चौकोन त्या मास्टरमध्येच बसवायचा. रकाने, बिंदू सगळं शाबूत राहतं. मास्टर एक आणि त्याच्या कॉप्या अनेक, मास्टर बदलला की कॉप्या बदलल्या, ही युक्ती आजची नाही. आयव्हन सदरलँडनं एमआयटीत १९६३ साली लाइट पेननं पडद्यावर रेघा ओढणारा स्केचपॅड दाखवला, त्यातही ती होती. साठ वर्षं उलटली, तरी आपला हात अनग्रुपकडेच जातो.

इथे आणखी एक मेख आहे. व्हिजिओत स्टेन्सिलमधून शेप ओढला की त्या मास्टरची एक प्रत ड्रॉइंगच्या फाइलमध्येच जाऊन बसते. तिला डॉक्युमेंट स्टेन्सिल म्हणतात, आणि ती मुद्दाम उघडल्याशिवाय समोर येत नाही. ऑफिसच्या सर्व्हरवरचा स्टेन्सिल दुरुस्त केला म्हणून जुनी ड्रॉइंग आपोआप दुरुस्त होत नाहीत. ज्या-त्या फाइलमधली प्रत बदलावी लागते. आणि एखाद्या शेपचा रंग कुणी आधीच हातानं बदलला असेल, तर मास्टरचा नवा रंग त्याला लागत नाही. आपण म्हणतो सॉफ्टवेअर बिघडलं. ते फक्त हातानं दिलेला रंग जपत असतं.

शेपच चुकीचा लागला असेल तर पुसून नवा ठेवण्यापेक्षा बदलून घ्यावा. व्हिजिओ २०१३ पासून ‘चेंज शेप’ आहे, त्यात जोडलेल्या रेघा आणि मजकूर टिकतो. ड्रॉ.आयओमध्ये नवा शेप जुन्यावर नेऊन क्षणभर धरला की मधोमध बदलीची खूण येते, तिच्यावर सोडायचा. आमचे ते मोटरवाले व्हॉल्व्ह चेंज शेपनं नव्या मास्टरवर आणले खरे, पण तुटलेल्या पाइपांची टोकं एकेक करून चिकटवावी लागली आणि टॅग नंबर तर पुन्हा टाइपच करावे लागले. गेलेली माहिती कुठलीही कमांड परत आणत नाही.

चिकटवण्याचेही दोन प्रकार आहेत. रेघेचं टोक बिंदूवर सोडलं तर ते त्या बिंदूशी बांधलं जातं. अख्ख्या शेपवर सोडलं तर शेपशी बांधलं जातं, आणि शेप हलला की रेघ सोयीची बाजू शोधून तिकडे फिरते. व्हिजिओच्या २०१३ नंतरच्या आवृत्त्यांत बिंदूवर लहान हिरवा चौकोन दिसतो, शेपवर सगळीकडून हिरवी कड. ड्रॉ.आयओमध्ये बिंदू हिरवा होतो, शेपची कड निळी. रजेच्या अर्जाचा फ्लोचार्ट असेल तर दुसरा प्रकार उत्तम, चौकटी कितीही हलवा, बाण स्वतःचं बघून घेतात. पंपाच्या ड्रॉइंगमध्ये मात्र तो घात करतो. पंप जरा वर सरकवला आणि सक्शनची रेघ डिस्चार्जच्या तोंडाशी जाऊन बसली, हे मी पाहिलंय. छापलेल्या कागदावर ते ठसठशीत, आत्मविश्वासानं काढल्यासारखं दिसतं.

ग्रुप मोडण्यासारखीच आणखी एक सवय काहींना असते: लिबरऑफिस ड्रॉमध्ये शेप कर्व्हमध्ये बदलून एफ-८ नं कडेचा एकेक बिंदू ओढायची. गोल कोपऱ्यांची चौकट घ्या. तिच्यावरचा पिवळा ठिपका ओढला की कोपरे कमी-जास्त गोल होतात, चौकट रुंद केली तरी कोपरे गोलच राहतात. तीच कर्व्हमध्ये बदला: पिवळा ठिपका गेला, आणि रुंदीला ताणली की कोपरे अंड्यासारखे पसरले. एकदाच लागणारं बोधचिन्ह किंवा नकाशातलं तळं यांना कर्व्ह ठीक. ज्या चौकटीत उद्या लांब मजकूर येणार आहे, तिला नको. मराठी मजकूर तर जागा खातोच. निर्णयाच्या शंकरपाळ्यात ‘पर्यवेक्षकाची मंजुरी मिळाली का?’ असं कोंबायचं आणि मग शंकरपाळा ओढून-ताणून पानभर करायचा, त्यापेक्षा आत ‘मंजूर?’ लिहावं.

आता आमच्याकडे ड्रॉइंगची नवी आवृत्ती निघाली की जुन्या आणि नव्या फाइलचे दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून ताडून पाहिले जातात, आणि कुणीतरी एकजण छापील कागदावरचे व्हॉल्व्ह पेन्सिलनं टिकमार्क करत मोजतो. नवीन मुलांना हे मागासलेपण वाटतं. वाटू दे.

बाहेरून पीडीएफच आली तर यातलं काहीच हातात राहत नाही. तिच्यात व्हॉल्व्ह नसतो, रेघा असतात; ती आयात करून त्यावर दुरुस्त्या करत बसण्यापेक्षा नव्यानं काढलेलं लवकर होतं. म्हणून वर्क ऑर्डरमध्येच लिहून घ्या: मूळ फाइल, स्टेन्सिलसकट, शेवटचं बिल देण्याआधी. नंतर मागितली की ती ‘जुन्या लॅपटॉपवर’ असते.