मंगळावरील वेधशाळा

मंगळावर पाऊस पडत नाही. तरीही तेथे वारे वाहतात, धुळीची वादळे उठतात आणि ऋतूही पालटतात. यांची नोंद ठेवणारी उपकरणे घेऊन क्युरिऑसिटी ही स्वयंचलित गाडी ऑगस्ट २०१२ मध्ये गेल नावाच्या विवरात उतरली.

पृथ्वीवर वारा मोजण्यास फिरत्या वाट्या पुरतात. मंगळावर हवेचा दाब आपल्या येथील दाबाच्या शतांशाहूनही कमी. एवढ्या विरळ हवेने वाट्या कशा फिरणार? म्हणून शास्त्रज्ञांनी निराळी युक्ती योजिली. तापविलेली इवलीशी चकती वाऱ्याने निवते. ती तितकीच उष्ण ठेवण्यास किती वीज लागली, यावरून वाऱ्याचा वेग कळतो. दुर्दैवाने उतरतानाच, बहुधा उडालेल्या खड्यांमुळे, गाडीवरील दोन वातमापकांपैकी एकाची हानी झाली. दुरुस्तीस तेथे जाणार कोण? मागून येणारा वारा नीट मोजता येईना.

वायुभारमापक मात्र गाडीच्या पोटात सुरक्षित होता. ध्रुवावर हिवाळ्यात हवेतील कार्बन डायऑक्साइड गोठून भूमीवर साचतो आणि सर्व ग्रहावरील दाब घटतो. विषुववृत्ताजवळच्या या गाडीने दूरच्या ध्रुवाचा हिवाळा असा घरबसल्या ओळखला!

२०१८ साली धुळीने सारा मंगळ झाकोळला. सूर्यप्रकाशावर चालणारी ऑपॉर्च्युनिटी ही गाडी जूनमध्ये कायमची मुकी झाली. क्युरिऑसिटी अणुऊर्जेवर चालत असल्यामुळे नोंदी करीत राहिली : धुळीच्या पांघरुणाखाली दिवस अधिक थंड आणि रात्री अधिक उबदार झाल्या होत्या.