सिरॅमिक रोपणांना लेसरची टाकी

जाते झिजून गुळगुळीत झाले की दाणा नीट दळला जात नाही. मग पाथरवटाकडून त्याला टाकी लावून घ्यावी लागते. मुळशी खोऱ्यातील जुन्या पिढीस हे सांगावयास नको. मानवी शरीरात बसविल्या जाणाऱ्या सिरॅमिकच्या कृत्रिम भागांवर लेसर किरणांनी जे संस्कार केले जातात, त्यांचे तत्त्व काहीसे असेच आहे. मात्र या टाकीचे घाव मायक्रोमीटरमध्ये, म्हणजे मिलीमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात.

खडबडीतपणा कशासाठी?

ॲल्युमिना व झिर्कोनिया ही सिरॅमिके कठीण असून शरीरात गंजत नाहीत. फ्रान्समधील शल्यविशारद पिएर बुताँ यांनी १९७० साली खुब्याच्या कृत्रिम सांध्यासाठी ॲल्युमिनाचा वापर सुरू केला. दंतरोपणासाठी आज झिर्कोनियाही वापरतात. परंतु अगदी गुळगुळीत पृष्ठभागावर हाडाची पकड नीट बसत नाही आणि रोपण सैल झाल्यास रुग्णास पुन्हा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागते. पृष्ठभागावर सूक्ष्म चर किंवा खळगे असल्यास अस्थिपेशींना आधार मिळतो व नवे हाड त्यांत घट्ट बसते. याउलट, सांध्याच्या एकमेकांवर घासणाऱ्या पृष्ठभागांना चकचकीतपणाच हवा असतो. तेथे मोजके उथळ खळगे वंगणद्रव व झिजेचे कण साठवून ठेवतील, या दृष्टीने अभ्यास होत आहे.

लेसरच का?

सिरॅमिक ठिसूळ असते. हत्याराच्या दाबाने त्याचा टवका उडतो, तर वाळूच्या माऱ्याने पृष्ठभागात परके कण रुतून बसू शकतात. लेसरचा स्पर्श होत नाही आणि संगणकाच्या साह्याने ठरावीक जागी ठरावीक खोलीचा खळगा पाडता येतो. विशेष म्हणजे थिओडोर मेमन यांनी १९६० साली बनविलेला पहिला लेसर माणकाचा होता, आणि माणिक म्हणजे क्रोमियमचा अंश असलेले ॲल्युमिनाच होय.

उष्णतेचा धोका

झिर्कोनियात यिट्रियाचे मिश्रण करून त्याची बळकट स्फटिकरचना स्थिर ठेवतात. ती बदलली की आकारमान सुमारे ४ टक्क्यांनी वाढते. तडा जाऊ लागल्यास त्याच्या टोकाशी होणारा हा बदल तडा आवळून धरतो. मात्र तोच बदल पृष्ठभागावर सर्वत्र झाल्यास सूक्ष्म भेगा पडतात. शरीरातील ओलाव्याने ही क्रिया हळूहळू पुढे सरकू शकते. लेसरचे स्पंद नॅनोसेकंदांचे असल्यास उष्णता आजूबाजूस पसरण्यास वाव मिळतो. फेम्टोसेकंद स्पंद त्याहून लाखो पटींनी अल्पकालीन असल्याने उष्णता फारशी पसरण्यापूर्वीच पदार्थ उडून जातो. पण ही यंत्रे महाग असतात. म्हणूनच खडबडीतपणा वाढला एवढ्यावर समाधान न मानता क्ष-किरणांनी स्फटिकरचना, सूक्ष्मदर्शकाने भेगा व भार देऊन बळकटी तपासावी लागते. पेशींवरील प्रयोग व रुग्णांवरील चाचण्या त्यानंतर येतात.

दोन विद्यांचा संगम

हे काम एकट्या अभियंत्याचे नव्हे, तसेच एकट्या वैद्याचेही नव्हे. मुळशी तालुक्यातील लवळे येथे सिंबायोसिस अभिमत विद्यापीठाची २००८ साली स्थापन झालेली तंत्रशिक्षण संस्था आहे. तेथेच २०२० साली महिलांसाठी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. यंत्रशाळा व रुग्णशय्या अशा जवळ आल्या, तर अशा संशोधनास उपकारक ठरेल. भातखाचरात वाकून आयुष्य घालविलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने खळग्याची खोली गौण आहे. बसविलेला सांधा टिकला पाहिजे, हीच त्याची अपेक्षा असते. या विद्येची खरी कसोटीही तीच होय.