अंतर आणि स्वर

विद्या गुरूच्या सन्निध बसून घ्यावी, अशी आपल्याकडील जुनी समजूत आहे. संगीताच्या बाबतीत तर ती अधिकच दृढ आहे. कारण स्वर पुस्तकात वाचून कळत नाही, तो कानांनी ऐकावा लागतो आणि बोटांनी साधावा लागतो. २०२० साली करोनाच्या साथीमुळे जगभर शाळा व शिकवण्या बंद पडल्या, तेव्हा पियानोचे शिक्षक आणि त्यांचे विद्यार्थी यांच्यामध्ये एकाएकी अंतर आले. गुरू आपल्या घरी, शिष्य आपल्या घरी. मध्ये केवळ एक काचेचा पडदा. पुढे साथ ओसरली, तरी ही ऑनलाइन शिकवणी टिकून राहिली. ज्या गावात पियानोचा शिक्षक नाही, तेथील मुलांना तिने एक नवे दार उघडून दिले. परंतु दार उघडले म्हणजे विद्या आपोआप आत येते, असे मात्र नाही.

या शिकवणीत काय हरवते, हे कळण्यासाठी पियानोच्या जन्माची हकीकत जाणून घेतली पाहिजे. सुमारे १७०० साली इटलीतील फ्लॉरेन्स नगरात बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी हा कुशल कारागीर मेदिची घराण्याच्या पदरी होता. त्या काळी प्रचारात असलेल्या हार्पसिकॉर्ड या वाद्यात पट्टी दाबली की एक बारीकशी नखी तार छेडीत असे. पट्टी हलकेच दाबा किंवा जोराने, आवाजात फारसा फरक पडत नसे. क्रिस्तोफोरीने नखीच्या जागी लहानशी हातोडी बसवली. ती तारेवर आघात करून तत्क्षणी मागे येई. बोट हलके पडले तर स्वर मृदू, जोराने पडले तर बुलंद! इटालियन भाषेत ‘पियानो’ म्हणजे मृदू आणि ‘फोर्ते’ म्हणजे जोरकस. या दोन शब्दांवरूनच वाद्याला ‘पियानोफोर्ते’ हे नाव मिळाले. आजच्या पियानोला ५२ पांढऱ्या व ३६ काळ्या अशा ८८ पट्ट्या असतात. परंतु त्याचे खरे वैभव पट्ट्यांच्या संख्येत नसून बोटांच्या त्या नाजूक भेदात आहे.

ऑनलाइन शिकवणीतील पहिली अडचण नेमकी येथेच येते. दूरच्या भेटीची ही साधने मुळात संभाषणासाठी तयार झाली. संभाषणात बारीक आवाज उचलून धरावा, मोठा आवाज थोडा दाबावा आणि पंख्याची घरघर गाळून टाकावी, हे सोयीचेच असते. परंतु तीच साधने पियानोचा मृदू स्वर मोठा करतात, जोरकस स्वर दाबतात आणि हळूहळू विरत जाणारा स्वर निरुपयोगी समजून मध्येच तोडून टाकतात. ज्या गुणावरून वाद्याला नाव मिळाले, तोच गुण वाटेत नाहीसा होतो! मूल मन लावून मृदू वाजवते आणि दूर बसलेले शिक्षक म्हणतात, “अजून हळुवार वाजव, बाळ.” दोष शिक्षकांचा नसतो आणि मुलाचाही नसतो, तरी मुलाचे मन खट्टू होते. असे वारंवार घडले, की चांगली बोटे असलेले मूलही वाद्य झाकून ठेवते. म्हणून शिकवणीच्या आरंभी साधनातील हे आवाज सुधारण्याचे उपाय बंद करून मूळ ध्वनी जसाच्या तसा जाऊ द्यावा, हे दोघांचेही पहिले कर्तव्य होय.

दुसरी अडचण वेळेची. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. त्यामुळे शेजारी बसलेल्या गुरुशिष्यांना एकमेकांचा स्वर जणू त्याच क्षणी ऐकू येतो. ऑनलाइन भेटीत मात्र तो पोहोचण्यास पुष्कळदा सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो. म्हणजे दोघे एकमेकांपासून ३४ मीटर दूर, मैदानाच्या दोन टोकांना बसल्यासारखेच झाले. द्रुत लयीत एवढ्या अवधीत एक स्वर वाजून जातो! अशा स्थितीत दोघांनी एकदम वाजवण्याचा हट्ट धरला, तर लय बिघडल्यावाचून राहत नाही. जाणते शिक्षक तो हट्ट धरीत नाहीत. ते एक ओळ वाजवतात आणि थांबतात. विद्यार्थी ती ऐकतो आणि मग वाजवतो. भजनात बुवांनी ओळ म्हणावी आणि टाळकऱ्यांनी ती उचलावी, तसाच हा प्रकार. यात एक लाभही आहे. शिक्षक बरोबरीने वाजवीत असले, की विद्यार्थ्याच्या चुका त्यांच्या स्वरांखाली झाकून जातात. एकट्याने वाजवताना चूक झाकायला काहीच नसते.

तिसरी उणीव स्पर्शाची. वाकलेले मनगट शिक्षक दुरून हाताने सरळ करू शकत नाहीत. म्हणून कॅमेरा चेहऱ्यासमोर न ठेवता बाजूस असा ठेवावा, की खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत सारा हात दिसेल. दोघांपुढे स्वरलिपीची एकच प्रत असावी आणि तिच्या प्रत्येक खंडाला क्रमांक घातलेला असावा. म्हणजे “नवव्या खंडातील डावा हात” एवढे म्हटल्याने काम भागते.

या सर्व उपायांहून मोलाचा उपाय मात्र शिकवणीच्या वेळेबाहेरचा आहे. आठवड्यातून एक-दोनदा विद्यार्थ्याने आपले वादन ध्वनिमुद्रित करून शिक्षकांकडे पाठवावे आणि पाठवण्यापूर्वी ते स्वतः ऐकावे. वाजवताना मन बोटांत गुंतलेले असते. ऐकताना ते मोकळे होते. जी धावपळ वाजवताना ध्यानी आली नव्हती, ती आता उघड होते. मुलगा पुन्हा वाजवतो, पुन्हा ऐकतो. शिक्षकांनी एक शब्दही उच्चारण्यापूर्वी अर्धी चूक सुधारलेली असते.

एकलव्याने मातीच्या मूर्तीसमोर धनुर्विद्या साधली. त्याचा गुरू बोलत नव्हता, पाहत नव्हता. म्हणून आपला नेम त्यालाच पारखावा लागला. आजच्या विद्यार्थ्याचे भाग्य थोर, की त्याचा दूरचा गुरू पाहतो, ऐकतो आणि बोलतो. परंतु आठवड्यातील त्या एका तासानंतर पडदा काळा होतो आणि खोलीत उरतात ते वाद्य आणि विद्यार्थी. त्या वेळी ज्याचा कान जागा असतो, त्याची शिकवणी चालूच राहते. गुरू जवळ असो वा दूर, शिष्याच्या ठायी असा कान जागा करणे हेच अखेर त्याचे कार्य होय.

स्वाध्याय

१. पियानोला त्याचे नाव कोणत्या गुणावरून मिळाले?
२. गुरुशिष्यांनी ऑनलाइन शिकवणीत एकदम का वाजवू नये?
३. स्वतःचे वादन ऐकल्याने कोणता लाभ होतो, ते आपल्या शब्दांत लिहा.
४. वाक्यांत उपयोग करा : मन खट्टू होणे, हट्ट धरणे, ध्यानी येणे.
५. तुम्ही शिकत असलेल्या एखाद्या कलेत स्वतःची चूक स्वतः कशी ओळखता येईल, यावर दहा ओळी लिहा.