दात आणि हगवण

“दात येताहेत, हगवण लागणारच!” मराठी घर असो वा कानडी, आजीबाईंचे निदान ठरलेले असते. पण यात दाताचा दोष किती?

सहाव्या महिन्यापासून मुलाच्या आयुष्यात अनेक गोष्टी लागोपाठ घडतात. मूल बसू लागते, पुढे रांगते आणि हाताला येईल ते तोंडात घालते. जन्मापूर्वी आईकडून मिळालेली रोगप्रतिकारक द्रव्ये बरीच ओसरलेली असतात. वरचे अन्न सुरू होते. वाटी-चमचा, पाणी किंवा हात अस्वच्छ असतील तर त्याबरोबर जंतूही पोटात जातात. हगवणीची कारणे ही. दात त्याच सुमारास येतो, एवढेच.

हा समज निरुपद्रवी मात्र नाही. दाताची म्हणून हगवण अंगावर काढली जाते, कुठे पाणीही तोडले जाते, आणि शरीरातील पाणी आटून मूल दगावू शकते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी क्षार व ग्लुकोजचे पाणी तोंडाने पाजून मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० वरून ४ च्या खाली आणले.

म्हणून हगवण लागताच अंगावरचे दूध चालू ठेवावे. जलसंजीवनीची पुडी तीवर छापलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात मिसळून चमच्याचमच्याने पाजावी. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली वा शौचात रक्त दिसले, तर तडक डॉक्टरांकडे न्यावे.

पहिल्या दाताचे कौतुक जरूर करावे; हगवणीचा विचार मात्र वेगळा करावा. सुट्टीत घरी गेल्यावर विद्यार्थ्यांनी एवढे जरी सांगितले, तरी शिकल्याचे चीज होईल.